रिकाम्या जागांची वही : खानदेशात हॉकीपटू घडविताना आणि संघ बांधताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हॉकी शिकविणारे क्रीडाशिक्षक आणि पुढेमागे व्यावसायिक संघ उभा करू पाहणारी मंडळे, या दोघांनाही माझे पहिले सांगणे असे की, एकही खेळाडू निवडण्याआधी एक कोरी वही घ्यावी आणि तिच्यात आधी जागांची नावे लिहावीत : गोलरक्षक, फुल बॅक, सेंटर हाफ, दोन्ही बाजूंचे हाफ, फॉरवर्ड आणि पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलाजवळून मिळणारी संधी) घेणारी तुकडी. प्रत्येक जागेसमोर तीन रकाने आखावेत. आज तेथे कोण खेळतो, तीन वर्षांनी कोण खेळेल आणि सहा वर्षांनी कोण. पहिला रकाना अर्ध्या तासात भरतो. पुढचे दोन भरणे हेच प्रशिक्षकाचे खरे काम आहे.

वही वरच्या टोकाकडून भरायला घ्यावी, कारण मुलाला कोणत्या संघासाठी तयार करायचे आहे हे ठाऊक नसेल तर सरावाला दिशा राहत नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७ नंतर खंडित झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा भरली. २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते आणि त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. प्रत्येक संघाचा ताफा २४ जणांचा होता : किमान १६ भारतीय, त्यांतले किमान ४ ज्युनिअर, आणि ८ परदेशी. आपल्या भागातल्या मुलासाठी दार उघडते ते या चार ज्युनिअर जागांपाशी, आणि तेही दुसऱ्या राज्याच्या संघाचे. परक्या संघाचा व्यवस्थापक ‘हा मुलगा चांगला खेळतो’ एवढ्यावर बोली लावत नाही. आपली कोणती उणीव या मुलाने भरून निघेल, हे तो पाहतो.

पैशाचा हिशेबही हेच सांगतो. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला खर्चासाठी ४ कोटी रुपयांची मर्यादा होती. सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख रुपये मोजले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच खेळाडूवर गेला आणि उरलेल्या २३ जणांसाठी सरासरी १४ लाख रुपये राहिले. मला हा खर्च योग्य वाटतो, कारण ड्रॅग-फ्लिकवर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकने ओढत आणून जोराने फेकण्यावर, हुकमी गोल करणारा खेळाडू सामन्याचा निकाल बदलतो. मात्र जो संघ एका खेळाडूवर इतके खर्च करतो, त्याला आपले ज्युनिअर फार विचारपूर्वक निवडावे लागतात. नियम आहे म्हणून चार नावे भरून चालत नाही.

२४ जणांची वाटणी करताना मी तीन गोलरक्षक, सात बचावपटू, आठ मधल्या फळीचे आणि सहा आघाडीचे असा आराखडा धरतो आणि तिसरा गोलरक्षक ज्युनिअरच ठेवतो. प्रत्यक्ष सामन्यासाठी १८ जणांची यादी गृहीत धरली आणि त्यात दोन गोलरक्षक असले, तर मैदानी खेळाडू १६ उरतात. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ६० मिनिटांचा. मैदानावर गोलरक्षकाखेरीज दहा जण, म्हणून एकूण ६०० खेळाडू-मिनिटे वाटायची असतात. सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला ३७ ते ३८ मिनिटे येतात. बचावातले दोघे-तिघे पन्नास मिनिटांच्या आसपास खेळतात आणि आघाडीचे खेळाडू पाच-सात मिनिटे जीव तोडून धावून बाहेर येतात. बदल कितीही वेळा करता येत असल्यामुळे आघाडीसाठी दिवसभर एका चालीने पळणारा मुलगा शोधू नये. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा त्याच वेगाने धावू शकणारा शोधावा. यादी छोटी झाली की ही गणिते आणखी कठीण होतात. ऑलिम्पिकचा चमू १६ जणांचा असल्याने पॅरिसला भारताने श्रीजेश हा एकच गोलरक्षक मुख्य संघात नेला आणि कृष्ण पाठकला राखीव ठेवले.

पेनल्टी कॉर्नरच्या तुकडीबाबत मी आग्रही आहे. चेंडू आत देणारा, डीच्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या) रेषेबाहेर तो थांबविणारा आणि फ्लिक मारणारा, हे तिघे मिळून एकच शस्त्र आहे; त्यांतला एक कच्चा असेल तर उरलेल्या दोघांचे कौशल्य वाया जाते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा नियमाचा आहे. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. तुमचा एकमेव फ्लिकर त्या क्षणी बाकावर पाणी पीत असेल किंवा हिरवे कार्ड मिळून दोन मिनिटे बाहेर असेल, तर ती संधी गेलीच. म्हणून दोन फ्लिकर असे हवेत की जे बदलीच्या चक्रात एकाच वेळी बाहेर येणार नाहीत, आणि ते वेगवेगळ्या फळीतले असावेत. वहीतली ‘दुसरा फ्लिकर’ ही ओळ ज्युनिअर मुलासाठी राखून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वहीचे दुसरे टोक, म्हणजे आपले गाव.

मुले निवडताना आपल्याकडे पहिली अडचण जन्मतारखेची येते. पटावर ओळीने मुलांची जन्मतारीख १ जून दिसते, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, अंगणवाडीचे रजिस्टर आणि लसीकरणाचे कार्ड या तिन्ही गोष्टी प्रशिक्षकाने स्वतः पाहाव्यात. हे काम कागदी वाटते, पण त्यावर पुढची सगळी निवड उभी असते. सतरा वर्षांचा मुलगा पंधराच्या गटात खेळला तर तो ताकदीवर चमकतो, चषक आणतो आणि विसाव्या वर्षी बरोबरीच्या मुलांत उघडा पडतो. दरम्यान ज्या खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही घरी पाठविले, तो हॉकी सोडून मोकळा झालेला असतो. खोट्या वयाचा मुलगा मी एकदा ओळखूनही ठेवून घेतला होता आणि त्याची खंत मला आजही आहे.

वय खरे असले तरी वाढ सारखी नसते. बारा ते पंधरा या काळात दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहावी. ज्याची उंची झपाट्याने वाढत आहे त्याचा तोल काही काळ बिघडतो, चेंडू थांबवताना चुका होतात, आणि नेमके त्याच वेळी शिक्षक त्याला वगळतात. त्या मुलाला सहा महिने द्यावेत. याच काळात ड्रॅग-फ्लिकचा सराव मोजून करावा, कारण त्या क्रियेत कंबर वाकवून पिळावी लागते आणि वाढत्या हाडांच्या मुलाला रोज शंभर फ्लिक मारायला लावणे म्हणजे त्याच्या पाठीला कायमची इजा करण्यासारखे आहे. मी आठवड्यातून दोनच दिवस आणि एका दिवशी वीस-पंचवीसपेक्षा जास्त फ्लिक मारू देत नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि शिरपूर-चोपड्याच्या डोंगराळ भागात मुले निवडताना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी. तपासणीची सोय सरकारी दवाखान्यांत आहे, आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तिच्यावर अधिक भर दिला जातो. जो मुलगा केवळ वाहक आहे तो हॉकी खेळू शकतो, त्याला नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु कडक उन्हात, पाणी कमी प्यायलेले असताना आणि विश्रांती न देता सलग धावविल्यास त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याची सवय याच कारणासाठी सोडून द्यावी. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाबाबतचा निर्णय डॉक्टरांचाच असावा, आणि तपासणीचा निकाल इतर मुलांपुढे कधीही उच्चारू नये.

भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सराव सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी साडेपाचनंतरच ठेवावा, दर पंधरा मिनिटांनी पाण्यासाठी थांबावे, आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी घागरीत तयार असावे. आहारासाठी महागड्या डब्यांच्या मागे लागू नये. कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडीद एकत्र आणते. तिच्यासोबत शेंगदाणे, अंडे आणि रावेर-यावलची केळी मिळाली तर वाढत्या मुलाचे पोषण बऱ्यापैकी सांभाळले जाते. प्रश्न पदार्थांचा नसून ते रोज मिळण्याचा आहे, आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांशी सरावानंतरच्या न्याहारीचे आधी ठरवून घेतल्याशिवाय सकाळचे सत्र सुरू करू नये.

मैदानाबाबतही आपल्याला वेगळा विचार करावा लागतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात स्टिकला चिकटते, म्हणून मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरविलेले मैदान हवे. मुरुमावर चेंडू उसळतो, त्यामुळे आपली मुले स्टिक थोडी वर धरून आणि उभ्याने खेळायला शिकतात. ॲस्ट्रोटर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, चेंडू सपाट आणि कितीतरी वेगाने येतो. तेथे गुडघे वाकवून, स्टिक जमिनीलगत ठेवून खेळावे लागते. बालेवाडीच्या निवड चाचणीत पहिल्यांदाच टर्फ पाहणारा मुलगा चेंडू थांबवू शकत नाही आणि निवडकर्त्यांना तो कच्चा वाटतो, यात त्याचा दोष काहीच नसतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला, शाळेच्या फरशीच्या सभागृहात किंवा सिमेंटच्या खळ्यावर पाणी शिंपडून आठवड्यातून तीन दिवस पुश (चेंडू ढकलणे), ट्रॅपिंग (चेंडू थांबवणे) आणि चेंडू ओढण्याचा सराव घ्यावा. यासाठी जुन्या स्टिक वापराव्यात, कारण त्या झिजतात. दुसरा, चाचणीपूर्वी किमान आठ-दहा दिवस मुलांना टर्फ असलेल्या शहरात मुक्कामी न्यावे. वर्षाच्या अंदाजपत्रकात नव्या जर्सीपेक्षा या मुक्कामाचा खर्च आधी लिहावा.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना जागा ठरवून देऊ नयेत. पाच-पाच जणांचे छोटे सामने, भरपूर चेंडू आणि प्रत्येकाला सगळीकडे खेळण्याची मुभा एवढे पुरते. डावखुऱ्या मुलाला परत पाठवू नये. डाव्या हाताची स्टिक नियमात बसत नाही, पण उजव्या पद्धतीच्या पकडीत वरचा हात डावाच असतो आणि स्टिक फिरविण्याचे काम तोच करतो. तेरा ते पंधरा या वयात दोन जागा शिकवाव्यात. सोळानंतर एक मुख्य जागा आणि एक विशेष काम : चेंडू आत देणे, थांबविणे, फ्लिक, किंवा पेनल्टी कॉर्नरच्या बचावात पहिल्याने धावून जाणे. या शेवटच्या कामासाठी निडर मुले आपल्याकडे खूप आहेत आणि ती जागा भरायला संघांना नेहमीच कोणी ना कोणी हवे असते. मात्र मास्क, हातमोजे आणि गुडघ्याचे संरक्षण दिल्याशिवाय सरावातही कोणाला धावू देऊ नये.

गोलरक्षकासाठी जाड किंवा संथ मुलगा उभा करण्याची प्रथा मोडलीच पाहिजे. श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा विद्यालयात गेले तेव्हा हॉकीत नव्हते. पुढे तेथेच प्रशिक्षकांनी त्यांना गोलरक्षणाकडे वळविले आणि ते चार ऑलिम्पिक खेळले. उड्या मारणारी, पायांनी चपळ, मोठ्याने बोलणारी मुले या जागेसाठी पाहावीत. साहित्य मुलाच्या बापाने आणावे अशी अपेक्षा ठेवल्यास तुम्हाला गोलरक्षक कधीच मिळणार नाही. ते मंडळानेच विकत घ्यावे.

स्पर्धा जवळ आणि वारंवार हव्यात. झारखंडच्या सिमडेगा आणि ओडिशाच्या सुंदरगड भागात गावोगावी बांबूच्या स्टिकने सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बकरा मिळतो. सिमडेगाच्या बडकीछापर या गावातूनच भारतीय महिला संघाच्या सलीमा टेटे पुढे आल्या. आपल्या राज्यात फलटण तालुक्यातील आसूच्या वैष्णवी फाळके भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. या दोन्ही ठिकाणांची जमीन आपल्या जमिनीपेक्षा फार वेगळी नाही. नेहरू चषकाच्या शालेय स्पर्धा वर्षातून एकदाच येतात. त्यांच्या आधी पाच जणांच्या संघांचे तालुक्या-तालुक्यांतले सामने भरवावेत, आणि मुलांशी त्यांच्या अहिराणीत, भिलीत, पावरीत बोलावे.

वेळापत्रक आखताना आखाजी (अक्षय तृतीया), पोळा, कापूस वेचणी आणि ऊसतोड ही चारही नावे आधी लिहावीत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि मुले त्यांच्यासोबत निघून जातात. नेमका तोच स्पर्धांचा काळ असतो. सप्टेंबरमध्येच पालकांना घरी जाऊन भेटावे आणि मुलाच्या वसतिगृहातील जागेची लेखी व्यवस्था करावी. मुलीच्या बाबतीत परतीच्या प्रवासात सोबत कोण असेल, हेही त्याच भेटीत नावासह सांगावे.

२०१६ मध्ये लखनौला ज्युनिअर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, सिमरनजीत, गुरजंत, वरुण आणि नीलकांत शर्मा २०२१ मध्ये टोकियोच्या कांस्यपदक विजेत्या संघात होते. ज्युनिअर जगज्जेत्यांनाही ऑलिम्पिक पदकापर्यंत पोहोचायला पाच वर्षे लागली, म्हणून अठराव्या वर्षी लिलावात नाव न आलेल्या मुलाची ओळ खोडू नये. त्याला रेल्वे, पोलीस किंवा राज्य राखीव दलाच्या संघाच्या चाचणीला पाठवावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे पहिल्या स्पर्धेपासून एका फाइलमध्ये जपून ठेवावी लागतात. ज्याला संघातून मोकळे करायचे आहे त्याला ते स्वतः समोर बसवून, कारणासह आणि बारावीच्या परीक्षेच्या बऱ्याच आधी सांगावे, ती फाइल त्याच्या हाती द्यावी आणि त्याच दिवशी वहीत त्या जागेसमोर पुढच्या मुलाचे नाव पेन्सिलने लिहावे.