अँटिव्हायरसमुळे संगणक मंदावतोय? आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

संगणक रेंगाळू लागला की पहिला संशय अँटिव्हायरसवर जातो आणि पहिला उपाय सुचतो तो त्याला बंद करण्याचा. संशय बऱ्याचदा खरा असतो, उपाय मात्र जवळजवळ नेहमीच चुकीचा. अँटिव्हायरसचा भार दिवसभर सारखा नसतो. तो ठरावीक क्षणी, ठरावीक फाइलींवर पडतो. ते क्षण आणि त्या फाइली सापडल्या, तर संरक्षण न काढता बराचसा वेग परत मिळतो. पुढची सगळी माहिती विंडोज 10 आणि 11 साठी आहे आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यासोबत येणारा डिफेंडर गृहीत धरला आहे. दुसरा अँटिव्हायरस असेल तर मेनूंची नावे बदलतील, तत्त्व तेच राहील.

भार नेमका कुठे पडतो

एखादा प्रोग्रॅम फाइल उघडायला जातो, तेव्हा ती विनंती थेट डिस्कपर्यंत पोहोचत नाही. वाटेत अँटिव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर बसलेला असतो. तो विनंती थोपवतो, फाइल तपासणाऱ्या इंजिनाकडे देतो आणि निकाल आल्यावरच प्रोग्रॅमला पुढे जाऊ देतो. नव्याने लिहिलेली फाइल बंद होतानाही अशीच तपासणी होते. म्हणजे खर्च एमबीवर कमी आणि फाइलींच्या संख्येवर जास्त अवलंबून असतो. चार जीबीचा एक व्हिडिओ कॉपी करताना फरक जाणवणारही नाही. पण वीस हजार बारीक फाइलींची झिप उघडताना, प्रोग्रॅम कंपाइल करताना किंवा मोठे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना तीच तपासणी वीस हजार वेळा होते.

फाइलीचा प्रकारही महत्त्वाचा. साध्या चित्राची तपासणी लवकर आटोपते. ईएक्सई, डीएलएल (प्रोग्रॅमच्या फाइली), स्क्रिप्ट किंवा झिप असेल तर इंजिन ती उलगडून पाहते, काही वेळा आभासी वातावरणात थोडी चालवूनही पाहते. एकदा निर्दोष ठरलेल्या फाइलीचा निकाल काही काळ लक्षात ठेवला जातो, म्हणून तेच काम दुसऱ्यांदा झटकन होते. व्हायरसच्या व्याख्या (ते ओळखण्याच्या खुणा) अद्ययावत झाल्या की जुन्या निकालांवर विसंबता येत नाही आणि तपासणी पुन्हा सुरू होते. काल सुरळीत चाललेला प्रोग्रॅम आज सकाळी उघडायला वेळ का घेतो, याचे हे एक सरळ कारण आहे.

दोषी तोच आहे का, ते पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिफेंडर तिथे ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने दिसतो. संगणक सुरू केल्याबरोबर दिसणारे आकडे धरू नका. तेव्हा सगळेच प्रोग्रॅम एकदम जागे होत असतात आणि प्रत्येकाच्या फाइली तपासल्या जात असतात. लॅपटॉप आठ-दहा दिवस बंद असेल तर अद्यतने आणि चुकलेला स्कॅनही त्याच वेळी मागे लागतात. पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या, मग पाहा.

सीपीयूचा टक्का वाचताना एक गणित लक्षात ठेवा. तो सर्व लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला स्वतंत्र दिसणारे प्रोसेसर) मिळून काढलेला असतो. आठ असतील तर एक पूर्ण व्यापलेला प्रोसेसर 12.5 टक्के दिसतो. त्यामुळे ‘फक्त 12 टक्के’ हा आकडा निरुपद्रवी वाटला, तरी तो सलग तिथेच अडकला असेल तर इंजिनाचा एक धागा (कामाची एक स्वतंत्र साखळी) पूर्ण ताकदीने राबतो आहे.

डिस्कच्या रकान्यातला 100 टक्के हा डिस्क किती वेळ व्यग्र आहे ते सांगतो, किती डेटा गेला ते नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर 100 टक्के आणि शेजारी सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असे चित्र दिसले तर विखुरलेल्या बारीक फाइली वाचल्या जात आहेत. मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला अशी साधारण शंभरच्या आतबाहेर वाचने करू शकते. एसएसडी हजारो करते. म्हणून एकच अँटिव्हायरस एका यंत्रावर असह्य वाटतो आणि दुसऱ्यावर त्याची जाणीवही होत नाही.

याच खिडकीत आणखी एक खात्री करून घ्या. प्रक्रियेवर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा डिफेंडर सहसा सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, प्लॅटफॉर्म या फोल्डरमधून चालतो. त्याच नावाची प्रक्रिया टेम्प किंवा ॲपडेटामधून चालताना दिसली, तर प्रश्न वेगाचा नाही, संसर्गाचा आहे. ‘एंड टास्क’ दाबल्यावर डिफेंडर बंद व्हायला नकार देतो. ते बरोबरच आहे, ही संरक्षित प्रक्रिया आहे.

एका यंत्रावर दोन पहारेकरी नकोत

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर प्रत्येक फाइल दोनदा अडवली जाते आणि एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा तपासू लागतो. दुसरा अँटिव्हायरस नीट नोंदला गेला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, त्यामुळे ही अडचण बहुधा दोन बाहेरचे अँटिव्हायरस घातल्यावर येते. त्याहून जास्त वेळा दिसणारा दोष म्हणजे अर्धवट काढलेला जुना अँटिव्हायरस. कंट्रोल पॅनलमधून तो गेला तरी त्याचा ड्रायव्हर मागे राहतो. हे तपासायला कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ‘फ्लटएमसी’ ही आज्ञा द्या. (इथल्या आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघांसह द्यायच्या.) फिल्टर ड्रायव्हरांची यादी येईल. त्यात 320000 ते 329999 या उंचीच्या (‘अल्टिट्यूड’ रकान्यातल्या क्रमांकाच्या) पट्ट्यातले फिल्टर अँटिव्हायरसचे असतात आणि डिफेंडरचा ‘डब्ल्यूडीफिल्टर’ही तिथेच दिसतो. काढून टाकलेल्या कंपनीचे नाव अजून यादीत असेल, तर त्या कंपनीचे स्वतंत्र रिमूव्हल टूल चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ड्रायव्हरची फाइल हाताने पुसू नका, विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

मोजमाप

‘स्लो वाटतंय’ यावरून काहीच ठरवता येत नाही. पाच-दहा हजार बारीक फाइली असलेले, खात्रीचे एक फोल्डर निवडा आणि त्याची कॉपी करायला लागणारा वेळ मोजा. हे चार वेळा करा, दर वेळी नव्या ठिकाणी. पहिला आकडा टाकून द्या, कारण तेव्हा फाइली डिस्कवरून येतात आणि नंतर विंडोज त्या मेमरीतून देते. उरलेल्या तिनांतला मधला आकडा धरा. आता इंटरनेट तोडा, रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइल उघडताना लगेच होणारी तपासणी) बंद करा आणि तेच पुन्हा करा. समजा आधी 40 सेकंद लागले आणि आता 31. म्हणजे तपासणीमुळे त्या कामाला सुमारे 29 टक्के जास्त वेळ लागत होता. मोजून झाले की संरक्षण लगेच सुरू करा, मगच इंटरनेट जोडा. विंडोज काही वेळाने ते स्वतः सुरू करते, पण त्यावर विसंबू नये. आणि हेही ध्यानात असू द्या की बटण बंद केले तरी फिल्टर ड्रायव्हर जागेवरच असतो, त्यामुळे हा फरक पूर्ण खर्चापेक्षा थोडा कमीच दिसतो.

खरा उपयोगी मार्ग याच्या पुढचा आहे आणि तो फारच थोडे जण वापरतात. डिफेंडरमध्ये नोंद घेण्याची सोय अंगभूत आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल (विंडोजला आज्ञा देण्याची खिडकी) उघडा आणि ‘न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग -रेकॉर्डटू’ यानंतर फाइलीचा मार्ग द्या. फाइलीचा शेवट ईटीएल हवा. नोंद सुरू झाली की जे काम रेंगाळते तेच करा, दुसरे काही नको. दोन-तीन मिनिटांनी एंटर दाबा. मग ‘गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट -पाथ’, तोच मार्ग आणि पुढे ‘-टॉपफाइल्स 10 -टॉपप्रोसेसेस 10 -टॉपएक्स्टेन्शन्स 10’ असे द्या. कोणत्या फाइलींच्या, कोणत्या प्रोग्रॅममुळे सुरू झालेल्या तपासणीत किती वेळ गेला, ते उतरत्या क्रमाने समोर येते. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन ओळींतच उत्तर असते: बॅकअपचा प्रोग्रॅम, एखादा डेटाबेस, किंवा सतत वाढत जाणारी लॉग फाइल.

सूट द्यायची, पण सुईच्या टोकाएवढी

विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘मॅनेज सेटिंग्ज’ निवडा आणि खाली ‘एक्सक्लूजन्स’वर या. इथे चार पर्याय आहेत: फाइल, फोल्डर, फाइलीचा प्रकार आणि प्रोसेस. शेवटच्या पर्यायाबद्दल मोठा गैरसमज आहे. प्रोसेसला सूट दिली म्हणजे त्या प्रोग्रॅमची स्वतःची फाइल सुटत नाही. तो प्रोग्रॅम ज्या ज्या फाइली उघडेल त्या रिअल-टाइम तपासणीतून सुटतात. बॅकअपच्या प्रोग्रॅमला हे योग्य आहे, कारण तो रोज सगळ्या फाइली वाचतो आणि प्रत्येक वाचनावर तपासणी होते. ब्राउझरला मात्र कधीही देऊ नका, त्याने उतरवलेली प्रत्येक गोष्ट तपासणीविना डिस्कवर येईल. पॉवरशेल, पायथन, नोड यांनाही नको: त्यांच्या हाती दिलेली कोणतीही स्क्रिप्ट मग मोकाट सुटते. प्रोसेसचे नुसते नाव न देता पूर्ण मार्ग द्या, नाहीतर त्याच नावाची दुसरी फाइल कुठूनही चालवून सूट लाटता येते.

फोल्डरची सूट कुठे रास्त ठरते? व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) डिस्कच्या फाइली हे चांगले उदाहरण. आतल्या प्रणालीचे रक्षण तिच्या आतल्या अँटिव्हायरसनेच करायचे असते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ (डेटा आणि लॉगच्या) फाइलींना सूट देणे तर वेगापलीकडेही गरजेचे आहे. सेवा सुरू होताना अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली तर डेटाबेस उघडतच नाही. याउलट डाउनलोड्स, टेम्प, ॲपडेटा, डेस्कटॉप किंवा अख्खा सी ड्राइव्ह कधीच वगळू नका. घातक फाइली पहिल्यांदा उतरतात त्या इथेच. प्रकारानुसार सूट द्यायचा मोह तर मुळीच नको. ‘सर्व झिप’ किंवा ‘सर्व डीएलएल’ वगळणे म्हणजे कुंपणाचे फाटक काढून ठेवणे.

कोड लिहिणाऱ्यांची अडचण निराळी आहे. पॅकेजे उतरवणे आणि बिल्ड करणे ही लाखभर बारीक फाइलींची कामे, आणि संसर्ग झालेली पॅकेजेही त्याच वाटेने येतात. तिथे सरसकट सूट देण्यापेक्षा विंडोज 11 मधला डेव्ह ड्राइव्ह (कोडच्या कामासाठीचा खास ड्राइव्ह) बरा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, ‘ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज’, ‘डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स’ या वाटेने तो बनवता येतो. किमान 50 जीबी जागा आणि 8 जीबी रॅम हवी. त्यावर डिफेंडर ‘परफॉर्मन्स मोड’मध्ये काम करतो, म्हणजे फाइल आधी उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. संरक्षण राहते, अडवणूक कमी होते. मात्र रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू असेल तरच हा मोड चालतो.

ठरलेल्या वेळेचा स्कॅन

स्कॅन नेमका कामाच्या वेळी सुरू होत असेल तर टास्क शेड्युलर उघडा. लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असे उलगडत जा आणि ‘विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन’ निवडा. ‘ट्रिगर्स’मध्ये आठवड्यातली अशी वेळ द्या जेव्हा संगणक चालू पण रिकामा असतो. ‘कंडिशन्स’मध्ये चार्जर जोडलेला असतानाच चालावा अशी खूण करा. रात्री तीनची वेळ देऊन संगणक बंद ठेवला, तर चुकलेला स्कॅन नंतर ऐन कामात डोके वर काढतो.

स्कॅनने सीपीयू किती वापरावा याची मर्यादा मुळात सरासरी 50 टक्के असते. पॉवरशेलमध्ये ‘सेट-एमपीप्रेफरन्स -स्कॅनएव्हीजीसीपीयूलोडफॅक्टर 20’ दिल्यास ती 20 वर येते. ही सरासरी आहे, ओलांडताच न येणारी मर्यादा नाही. संगणक रिकामा असताना चालणारा स्कॅन ती पाळत नाही आणि हाताने सुरू केलेल्या स्कॅनलाही ती सहसा लागू होत नाही. पाचसारखा फार कमी आकडा दिला तर स्कॅन तासन्‌तास लांबतो. रोजच्यासाठी क्विक स्कॅन पुरेसा आहे. फुल स्कॅन सुरुवातीला एकदा आणि संशय आल्यास करावा.

ब्राउझिंगच मंद असेल तर

काही बाहेरचे अँटिव्हायरस सुरक्षित वेबसाइटची जोडणी मध्ये उघडून तपासतात. ओळखायला ब्राउझरमध्ये साइटचे प्रमाणपत्र पाहा. ते देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचे नाव दिसले तर ही तपासणी चालू आहे. ती बंद केली तरी उतरवलेली फाइल डिस्कवर येताना तपासली जातेच. त्यामुळे ब्राउझरचे स्वतःचे फसव्या साइटविरुद्धचे संरक्षण चालू ठेवून ही तपासणी बंद करण्यात तोटा कमी आहे.

एवढे करूनही 4 जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कचे यंत्र हलत नसेल, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, डिस्क बदलून एसएसडी बसवा.

बदल केल्यानंतर पहारा जागा आहे ना, ते बघण्यासाठी आयकार ही 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल वापरा. ती डाउनलोड्समध्ये आणली की लगेच पकडली गेली पाहिजे. मग तीच सूट दिलेल्या फोल्डरच्या शेजारच्या फोल्डरमध्ये आणून पाहा. तिथे पकडली गेली नाही, तर सूट ठरवल्यापेक्षा वरच्या फोल्डरला लागली आहे: नोंद काढा आणि पूर्ण मार्ग देऊन पुन्हा घाला.