इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत कसे सांगावे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. वेचणीच्या दिवसांत एका मुलीच्या वहीत मला पुढील वाक्य दिसले: ‘माय फादर सेड दॅट आय विल सेल द कॉटन टुमॉरो.’ स्पेलिंगमध्ये एकही चूक नव्हती, अक्षरही वळणदार होते, पण वाचणाऱ्याला त्यातून कळत होते ते असे, की उद्या कापूस ती मुलगी स्वतः विकणार आहे. मी ‘आय’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “हा ‘आय’ म्हणजे कोण?” ती पटकन म्हणाली, “बाबा.” मग तिने वाक्य पुन्हा वाचले आणि खोडरबर हातात घेतले.

ही चूक थेट मराठीतून येते, म्हणून ती मुळातून समजून घ्यावी. ‘बाबा म्हणाले की मी उद्या कापूस विकतो’ हे मराठीत अगदी शुद्ध वाक्य आहे, कारण आपल्या ‘की’नंतर मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात आणि तिथला ‘मी’ बाबांचाच राहतो. वऱ्हाडीत तर ‘थो म्हणे मी येतो’ एवढ्यावरच काम भागते. बोलणाऱ्याचा शब्द न बदलता पुढे पोहोचवण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे १३व्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रातही चक्रधरस्वामींचे आणि भक्तांचे बोलणे संवादरूपानेच आलेले आहे. इंग्रजीतील ‘दॅट’ मात्र ही मोकळीक देत नाही. ‘दॅट’ आला की पुढचे सगळे वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलावे लागते.

मराठीतही अशी रचना आहे आणि ती आपण रोज वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर वाचतो: ‘पुढील आठवड्यात पंचनामे करणार असल्याचे तलाठ्यांनी सांगितले.’ येथे ‘मी’ नाही, अवतरणचिन्हेही नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की इंग्रजी वाक्य बदलण्यापूर्वी ते मनात ‘असल्याचे सांगितले’ या साच्यात बसवून पाहावे. ‘आपण दुसऱ्या दिवशी कापूस विकणार असल्याचे बाबांनी सांगितले’ असे एकदा म्हटले की ‘माय फादर सेड दॅट ही वुड सेल द कॉटन द नेक्स्ट डे’ हे वाक्य जवळजवळ आपोआप सुचते.

आता पायऱ्या पाहू. पहिल्या पायरीला काहीही न बदलता फक्त ठरवावे, की कोण बोलले, कोणाशी बोलले आणि आता ते कोण सांगत आहे. त्यानंतर सांगण्याचे क्रियापद पाहावे. ‘सेड टु’ असेल तर त्याचे ‘टोल्ड’ होते आणि ‘टोल्ड’नंतर ऐकणाऱ्याचा उल्लेख यावाच लागतो. नुसते ‘सेड’ असेल तर ते तसेच राहते. ‘त्याने मला म्हटले’ या मराठी वळणामुळे मुले ‘ही सेड मी’ असे लिहितात; तिथे ‘ही टोल्ड मी’ हवे.

दुसरी पायरी सर्वनामांची, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात. ‘आय’, ‘माय’, ‘वुई’ हे शब्द बोलणाऱ्याच्या मागे जातात, ‘यू’ आणि ‘युअर’ ऐकणाऱ्याच्या मागे जातात आणि ‘ही’, ‘शी’, ‘दे’ सहसा जागचे हलत नाहीत. एक वाक्य घेऊ: ‘माय अंकल सेड टु मी, “आय गेव्ह यू माय सायकल.”’ बोलणारे काका आहेत, म्हणून ‘आय’चे ‘ही’ आणि ‘माय’चे ‘हिज’ होईल. ऐकणारा मी आहे, म्हणून ‘यू’चे ‘मी’ होईल. पूर्ण वाक्य असे: ‘माय अंकल टोल्ड मी दॅट ही हॅड गिव्हन मी हिज सायकल.’ आता हेच वाक्य काकांनी बहिणीला म्हटले असे धरा. ‘माय अंकल टोल्ड माय सिस्टर दॅट ही हॅड गिव्हन हर हिज सायकल.’ मूळ शब्द तेच होते, तरी ऐकणारा बदलताच सर्वनाम बदलले. पाठ केलेला तक्ता इथे उपयोगी पडत नाही, कारण ‘यू’चे काय होणार हे तक्त्याला ठाऊक नसते. मी मुलांना प्रत्येक सर्वनामावर पेन्सिलीने त्या माणसाचे नाव लिहायला लावतो. परीक्षेतही कच्च्या पानावर तसे करण्यास अर्धे मिनिट पुरते.

तिसरी पायरी काळाची. सांगण्याचे क्रियापद ‘सेज’ किंवा ‘विल से’ असेल तर आतला काळ बदलत नाही. ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ असेल तर तो एक पाऊल मागे सरकतो: ‘गो’चे ‘वेंट’, ‘इज गोइंग’चे ‘वॉज गोइंग’, ‘हॅज गॉन’चे आणि ‘वेंट’चेही ‘हॅड गॉन’, ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘मे’चे ‘माइट’ आणि सक्तीच्या अर्थाच्या ‘मस्ट’चे ‘हॅड टु’. ‘हॅड गॉन’ला आणखी मागे जाण्यास जागाच नसते, म्हणून ते तसेच राहते, ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ हेही बदलत नाहीत. कायम खरी असलेली गोष्ट वर्तमानकाळातच ठेवता येते. वैनगंगा आणि वर्धा या नद्या आजही एकमेकींना मिळतात आणि त्यांचा प्रवाह पुढे प्राणहिता म्हणून वाहतो, म्हणून ‘द टीचर सेड दॅट द वैनगंगा मीट्स द वर्धा’ हे बरोबर आहे.

त्यानंतर काळ आणि जागा दाखवणारे शब्द येतात: ‘नाउ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टर्डे’चे ‘द प्रीव्हियस डे’, ‘अगो’चे ‘बिफोर’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’. परीक्षेत हे बदल करावेत. प्रत्यक्ष बोलताना मात्र थोडा विचार करावा: सकाळी कोणी ‘टुमॉरो’ म्हटले आणि तुम्ही ते त्याच दिवशी दुपारी सांगत असाल, तर ‘टुमॉरो’च योग्य आहे, कारण उद्याचा दिवस अजून उद्याच आहे.

प्रश्नांपाशी मराठी पुन्हा आडवी येते. ‘त्याने मला विचारले की तू कुठे जात आहेस’ या सवयीने मुले ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असे लिहितात. या एका वाक्यात तीन चुका आहेत. प्रश्नार्थक शब्दाआधी ‘दॅट’ कधीही येत नाही. प्रश्नाचा क्रम मोडून साध्या वाक्याचा क्रम ठेवावा लागतो, म्हणजे आधी कर्ता आणि मग क्रियापद. शिवाय सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलावे लागतात. शुद्ध वाक्य आहे, ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’, आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम येतो, प्रश्नचिन्ह नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असते, तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ वापरावे. मराठीत आपण ‘करतो की नाही, असे विचारले’ म्हणतो, त्यातल्या ‘की नाही’ची जागा इंग्रजीत ‘इफ’ घेतो. ‘डू यू ग्रो कॉटन?’ या प्रश्नातला ‘डू’ गळून पडतो आणि काळाचे ओझे मुख्य क्रियापद उचलते: ‘ही आस्क्ड मी इफ आय ग्रू कॉटन.’ ‘इफ आय डिड ग्रो’ असे लिहू नये.

आज्ञा आणि विनंती सोप्या आहेत; तिथे ‘टु’ आणि मूळ क्रियापद एवढेच पुरते, आणि नकार असेल तर ‘नॉट टु’. खरे कौशल्य सांगण्याचे क्रियापद निवडण्यात आहे, कारण बोलणाऱ्याचा सूर त्या एका शब्दातच जपता येतो. कृषी सहायक बांधावर येऊन फवारणी करणाऱ्यांना म्हणतात, ‘डोन्ट स्प्रे अगेन्स्ट द विंड.’ हे ‘टोल्ड’ने सांगितले तरी चालेल, पण वाऱ्याच्या विरुद्ध फवारले तर औषध अंगावर येते, म्हणून त्यात धोक्याची सूचना आहे आणि ती ‘वॉर्न्ड’ने नेमकी उतरते: ‘ही वॉर्न्ड द फार्मर्स नॉट टु स्प्रे अगेन्स्ट द विंड.’ वाक्यात ‘प्लीज’ असेल तर तो शब्द गाळून ‘रिक्वेस्टेड’ घ्यावे, वडीलधाऱ्यांचा सल्ला असेल तर ‘अॅडव्हाइज्ड’, आणि ‘लेट अस’ असेल तर ‘सजेस्टेड दॅट वुई शुड’ किंवा ‘दे शुड’. उद्गाराच्या वाक्यात ‘हुर्रा’, ‘अलास’ असे शब्द गाळून ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ किंवा ‘विथ सॉरो’ लिहितात.

सरावासाठी रोज घरात ऐकलेली दोन-तीन वाक्ये वहीत इंग्रजीत उतरवावीत आणि दुसऱ्या दिवशी, मूळ प्रसंग थोडा दूर गेल्यावर, ती बदलावीत. पुढचा संवाद आधी स्वतः सोडवून पाहावा. आई: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ मुलगी: ‘आय अॅम गोइंग टु द बझार. डू यू वाँट एनिथिंग?’ आई: ‘ब्रिंग सम सॉल्ट, अँड डोन्ट बी लेट.’

उत्तर असे: ‘द मदर आस्क्ड हर डॉटर व्हेअर शी वॉज गोइंग. द डॉटर रिप्लाइड दॅट शी वॉज गोइंग टु द बझार अँड आस्क्ड हर मदर इफ शी वाँटेड एनिथिंग. द मदर टोल्ड हर टु ब्रिंग सम सॉल्ट अँड नॉट टु बी लेट.’ यातील प्रत्येक ‘शी’ आणि ‘हर’वर आई की मुलगी ते पेन्सिलीने लिहून पाहावे, दुसऱ्या वाक्यातला शेवटचा ‘शी’ आईचा आहे.