एका संथ विनंतीमुळे अख्खा एपीआय थांबत होता : फास्टएपीआयमधील माझा अनुभव

माझी सेवा फास्टएपीआय या पायथनच्या वेब चौकटीवर लिहिलेली आहे. लक्षण असे होते : सेवा एरवी झटपट उत्तर देत असे, पण कोणी पिनकोडवरून पत्ता मागितला की बाहेरच्या सेवेचे उत्तर येईपर्यंत, म्हणजे सात-आठ सेकंद, बाकीच्या सर्व विनंत्या, अगदी सेवा चालू आहे का हे पाहणारी ‘हेल्थ’ तपासणीसुद्धा, ताटकळत राहत. प्रोसेसर मात्र तेव्हा जवळजवळ रिकामा दिसे.

सेवा चालवणाऱ्या युव्हिकॉर्न या सर्व्हरचे वर्कर (स्वतंत्र प्रक्रिया) एकावरून चार केले, तेव्हा त्रास फक्त विरळ झाला. डेटाबेसला इंडेक्स लावून काहीच फरक पडला नाही. यात दोन दिवस गेले आणि फार मनस्ताप झाला.

खरे कारण असे की, पत्त्याची विनंती हाताळणारे फंक्शन, म्हणजे हँडलर, ‘असिंक डेफ’ने लिहिलेला होता आणि आत बाहेरच्या सेवेला विचारण्यासाठी ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीचा, उत्तर येईपर्यंत अडवून ठेवणारा ‘गेट’ होता. असिंक हँडलर थेट इव्हेंट लूपवर, म्हणजे सर्व विनंत्या आळीपाळीने पुढे सरकवणाऱ्या एकाच चक्रावर, चालतो, त्यामुळे आतले अडवणारे काम संपेपर्यंत लूप दुसरे काहीच हाती घेऊ शकत नाही.

प्रथम ‘एचटीटीपीएक्स’ ही असिंक चालणारी लायब्ररी बसवली. मग ‘लाइफस्पॅन’मध्ये (सेवा सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) एकच ‘असिंकक्लायंट’ तयार केला आणि सेवा बंद होताना तो मिटवला. त्यानंतर जुन्या ‘गेट’च्या जागी ‘अवेट’ लावून या क्लायंटचा ‘गेट’ वापरला. शेवटी टाइमआउट १५ सेकंद केला. हे विसरू नये, कारण ‘रिक्वेस्ट्स’ला मुळात टाइमआउट नसतो, तर ‘एचटीटीपीएक्स’चा ५ सेकंदांचा असतो.

फोटो लहान करणाऱ्या दुसऱ्या हँडलरमध्येही अडवणारे काम होते; त्यातून ‘असिंक’ शब्दच काढला. साधा ‘डेफ’ असला की फास्टएपीआय ते काम थ्रेडपूलकडे, म्हणजे लूपपासून वेगळ्या चालणाऱ्या थ्रेडच्या संचाकडे, देते, ज्याची मर्यादा मुळात ४० थ्रेडची असते.

आता पत्त्याची विनंती अडकलेली असतानाही ‘हेल्थ’ लगेच उत्तर देते.