रोहयोचं काम पाहिजे? तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या

"काम निघालं की कळवतो" असं ज्यांना ग्रामपंचायतीत ऐकवलं जातं त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोजगार हमी योजनेची (रोहयो, केंद्राच्या कायद्यात मनरेगा) सगळी मेख मागणीत आहे. लेखी मागणी दिली की १५ दिवसांत काम द्यायची जबाबदारी सरकारवर येते, आणि मागणी दिली नाही तर कागदोपत्री तुम्ही काम मागितलेलंच नाही, मग भले सरपंचाच्या ओट्यावर महिनाभर बसा.

आधी जॉब कार्ड. घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं त्यात घाला, सुनेचं राहिलं असेल तर तेही, फोटो-आधार-बँक पासबुकची झेरॉक्स लागते आणि अर्जानंतर १५ दिवसांत कार्ड मिळायला पाहिजे. पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. आणि कार्ड स्वतःच्या घरात ठेवा, रोजगार सेवकाच्या (ग्रामपंचायतीत रोहयोचं काम बघणाऱ्याच्या) पिशवीत नाही.

आता खरं काम. मागणीचा अर्ज नमुना ४ वर द्यायचा, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस काम पाहिजे ते लिहायचं, सलग १४ दिवस तरी मागा. नमुना छापील नसेल तर साध्या कागदावर लिहा, काही बिघडत नाही. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. तारीख सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच ठिकाणी काय करतात, अर्ज ठेवून घेतात, पोच देत नाहीत आणि मस्टर (कामाचा हजेरीपट) निघायच्या वेळी कॉम्प्युटरवर त्याच दिवसाची मागणी भरतात, म्हणजे रेकॉर्डला मागितलं त्या दिवशी काम दिलं, सगळं कसं छान! त्यामुळे पोच देत नसतील तर अर्ज थेट तहसील कार्यालयात द्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच तारीख. एकट्यानं जाण्यापेक्षा पाच-दहा जण मिळून जा, बायका सोबत असल्या तर अजून चांगलं, एकतृतीयांश काम बायकांना मिळालं पाहिजे असं कायद्यातच आहे.

१५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढं किमान निम्मा. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, त्याचा पाव म्हणजे दिवसाला ७८. रक्कम फार नाही पण ती राज्य सरकारच्या खिशातून जाते, म्हणून भत्त्याचा अर्ज पडला की अचानक कामं सापडतात. काम ५ किलोमीटरच्या बाहेर दिलं तर मजुरी १० टक्के जास्त.

कामावर गेल्यावर लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे मोजमाप. पूर्ण दर मिळतो तो ठरलेलं काम पूर्ण केल्यावर, हजेरी लावली म्हणून नाही. चर किंवा शेततळं खोदताना खोली कळावी म्हणून मधे मातीचा खुंट उभा राखतात, इंजिनिअर टेप लावून जाईपर्यंत तो कोणालाही तोडू देऊ नका, आणि मुरूम-खडक लागला तर तेव्हाच सांगा कारण त्याचा दर मातीपेक्षा जास्त असतो. हजेरी ॲपवर फोटो काढून लागते, दोन वेळचे फोटो होतात, दुपारच्या फोटोआधी घरी गेलात तर दिवस बुडाला.

पैसे १५ दिवसांत यायला हवेत. उशीर झाला तर भरपाई आहे, दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे सहा दिवसांच्या मजुरीवर रोजचा एक रुपयासुद्धा नाही, हसूच येतं. अजून एक घोळ म्हणजे पैसे आधारवरून जातात, म्हणजे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलाय तिथं. मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन कुठलं खातं उघडलं गेलं असेल तर मजुरी तिकडे पडलेली असते आणि आपण बँकेत चकरा मारतोय. आधी ते तपासा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या आधीच मागणी टाकावी, उचल घेतल्यावर गावात काम निघून उपयोग काय. शंभर दिवस झाले म्हणून हाकललं तर ऐकू नका, महाराष्ट्राचा स्वतःचा रोहयो कायदा १९७७ चा आहे आणि त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्यानं करायचाय. (विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागेंनी सांगलीतल्या विसापूरला हा प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला आणि शहरातल्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापायला लागले तो याचसाठी. त्यामुळे कोणी 'फुकटचे पैसे' म्हणालं तर हे ऐकवा.)

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा पास केलाय. त्यात १२५ दिवस आहेत, पण पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूदही आहे, जे मला तरी पटत नाही, कारण भूमिहीनाला मजुरीत घासाघीस करता येते ती त्याच दिवसांत. वरचे नियम मनरेगाचे आहेत, नव्या कायद्यात नमुने, दर बदलू शकतात. मागणीनंतर १५ दिवसांत काम नाहीतर भत्ता हे मात्र त्यातही आहे, त्यामुळे पोच सोडू नका.

एवढं करूनही दाद लागली नाही तर जिल्ह्याला रोहयोचा लोकपाल असतो, त्याच्याकडे तक्रार करा, सोबत पोचेची झेरॉक्स जोडा. मूळ पोच कोणालाही द्यायची नाही, साहेबांनी मागितली तरी.