ध्येय ठरवताना या चुका टाळा: मैदानावरही आणि घरातही

गुढीपाडव्याला किंवा जूनमध्ये शाळा उघडताना घरोघरी संकल्प होतात. बाबा रोज सकाळी पळणार, आई अर्धवट राहिलेली पदवी पुरी करणार, मुलगी जिल्हास्तरावरून राज्यस्तरावर जाणार, धाकटा गणितात पंच्याहत्तरच्या वर जाणार. गणपती येईपर्यंत यातलं बरंचसं बंद पडलेलं असतं आणि मग ‘तुझ्यात जिद्दच नाही’ असं एकमेकांना सुनावणं सुरू होतं. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. जिद्द असते, मांडणी फसलेली असते. शेवटी कुठे पोहोचायचं ते ठरलेलं असतं, पण तिथवर नेणारा एखादा साधा मंगळवार कोणी डोळ्यांसमोर आणलेला नसतो. त्या दिवशी किती वाजता उठायचं? डबा कोण करणार? पाऊस लागला किंवा पाहुणे आले तर काय?

या चुका मैदानावर आणि घरात सारख्याच होतात. उदाहरणं मुद्दाम महाराष्ट्रातल्या खेळाडूंची घेतली आहेत, कारण ही माणसं आपल्यासारख्याच घरांतून आली.

निकालालाच ध्येय समजणं

‘पदक आणायचं’, ‘नव्वद टक्के मिळवायचे’, ‘दहा किलो वजन उतरवायचं’. हे सगळे निकाल आहेत आणि निकालावर आपला ताबा अर्धाच असतो. बाकीचा अर्धा समोरच्या खेळाडूकडे, पेपर काढणाऱ्याकडे, त्या दिवशीच्या तब्येतीकडे असतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे टोकियो ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत धावला. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. तरीही तो आपल्या फेरीत सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. ‘अंतिम फेरी’ एवढंच ध्येय धरलं तर तो दिवस अपयशाचा ठरतो. स्वतःची वेळ हेही ध्येय धरलं, तर तोच दिवस त्याच्या तोवरच्या धावण्यातला सर्वांत चांगला दिवस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दुसऱ्या दिवशी बूट घालून पुन्हा सरावाला जायचं बळ दुसऱ्या हिशेबातून मिळतं.

म्हणून ध्येय कागदावर लिहिताना त्याचे तीन थर करा. वरती निकाल, म्हणजे राज्यस्तरावर निवड. मधे स्वतःची कामगिरी, म्हणजे ८०० मीटरची आपली वेळ तीन सेकंदांनी कमी करणं. खाली रोजचं काम, म्हणजे आठवड्यातून चार दिवस मैदान, दोन दिवस व्यायाम आणि रात्री दहाला झोप. अभ्यासालाही हेच लागू आहे. कॅलेंडरवर रोजची खूण करायची ती फक्त खालच्या थरावर. वरच्या थराकडे महिन्यातून एकदा पाहिलं तरी पुरतं.

पहिलीच उडी फार लांब मारणं

माझ्या मते सगळ्यात जास्त ध्येयं इथेच मोडतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

साबळेच्या वेळा ओळीने मांडल्या तर ध्येय कसं वाढवावं याचा धडा आयता मिळतो. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तब्बल ३७ वर्षं टिकून होता. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला तो मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंद. सुधारणा जेमतेम एका सेकंदाची. २०१९ मध्ये तीन टप्प्यांत तो ८:२१.३७ वर आला, २०२१ मध्ये टोकियोत ८:१८.१२ वर. २०२२ मध्ये आधी ८:१६.२१, मग मोरोक्कोतल्या रबातला ८:१२.४८ आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०. त्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळालं आणि सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदांनी हुकलं. १९९८ पासून ज्या शर्यतीतली तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता, तिथे हे घडलं. पुढे जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

भुवनेश्वर ते पॅरिस, जवळपास सहा वर्षांत मिळून वीस सेकंदांपेक्षा किंचित कमी. पण ते वीस सेकंद कधी एका, कधी तीन, कधी सव्वा सेकंदाच्या तुकड्यांनी आले. भुवनेश्वरला उतरतानाच त्याला कोणी ‘तुला ८:१० च्या आत यायचं आहे’ असं बजावलं असतं, तर एका सेकंदाच्या त्या सुधारणेचा आनंद कोणाला झाला असता?

आपण घरात नेमकं उलटं करतो. सहामाहीत ५५ टक्के मिळवलेल्या मुलासमोर थेट ९० चा आकडा ठेवतो. मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं की हे होणार नाही, आणि त्या क्षणी तो प्रयत्न सोडतो. वरवर तो अभ्यासाला बसलेला दिसतो, पण मनाने उठून गेलेला असतो. त्याऐवजी पुढच्या चाचणीत ६० आणि त्यातही एकाच विषयावर भर, असं ठरवून पाहा. प्रौढांचंही तसंच आहे. वर्षानुवर्षं न पळालेल्या माणसाने थेट अर्धमॅरेथॉनची नोंदणी करून पैसे भरू नयेत. आधी अर्धा तास न थांबता चालता येऊ दे, मग त्यात मिनिटभराचं पळणं मिसळा.

उडी योग्य आहे की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे. ध्येय ऐकल्यावर माणूस लगेच ‘मग उद्या सकाळी काय करायचं?’ असं विचारतो की गप्प बसतो? गप्प बसला तर आकडा खाली आणा.

घराला न विचारता ध्येय ठरवणं

एकट्याचं ध्येय असं काही नसतंच. बाबा पहाटे पाचला धावायला गेले, तर मुलांना उठवणं, पाणी भरणं आणि डबे करणं आपसूक आईच्या अंगावर पडतं. मुलगी रोज संध्याकाळी तालुक्याच्या मैदानावर गेली, तर तिला आणायला कोणीतरी गाडी काढतं, कोणाची तरी ओव्हरटाइम बुडते, धाकट्याचा अभ्यास घ्यायला घरात कोणी उरत नाही. हे बोललं गेलं नाही तर महिन्याभरात कुरबुर सुरू होते आणि ध्येय चिडचिडीत संपतं.

गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे पदकासाठी सांगितली जाते. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला त्यातला पैशांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जायला पैसे नव्हते, गावात वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्यांतून ते कर्ज फेडायला मदत केली. आपल्या ध्येयासाठी कोणी काय गहाण ठेवलं याची नोंद त्या माणसाने ठेवली आणि ती फेडली. तुमच्या घरात कोणी घर गहाण ठेवणार नाही, पण झोप, सुटी, माहेरी जाणं, टीव्हीवरची मालिका, नवा मोबाइल अशा पुष्कळ गोष्टी गहाण पडतात. त्या कोणी मोजत नाही.

उपाय अगदी घरगुती आहे. रविवारी जेवणानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसायचं. ज्याचं ध्येय आहे त्याने सांगायचं की या आठवड्यात मला एवढा वेळ हवा. बाकीच्यांनी सांगायचं की त्यामुळे आमचं काय अडेल. मग अडणारं काम कोण उचलणार ते ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. या बैठकीत आईला किंवा आजीला ‘तुला काय करायचं आहे?’ हे विचारायला विसरू नका. बहुतेक घरांत हा प्रश्न वर्षानुवर्षं कोणी विचारलेला नसतो, आणि उत्तर मिळतं तेव्हा सगळेच चकित होतात.

आपलं राहिलेलं मुलांवर टाकणं

हे जाणूनबुजून कोणी करत नाही, पण होतं. त्याची लक्षणं ओळखता येतात. सरावाच्या दिवशीच मुलाचं पोट दुखतं. सामना हरल्यावर तो आधी गॅलरीकडे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. प्रशिक्षकाने त्याला प्रश्न विचारला की उत्तर तुम्ही देता.

सुरुवात एका गोष्टीपासून करा. स्पर्धेहून परतताना गाडीवर खेळाचा विषय तुम्ही काढायचा नाही. भूक लागली का, काय खायचं, एवढंच विचारा. मुलाला बोलायचं असेल तर तो घरी पोहोचायच्या आत स्वतःच बोलेल, आणि तेव्हा तुम्ही फक्त ऐका. चूक सांगायचं काम प्रशिक्षकाचं आहे. मुलाला घरीही दुसरा प्रशिक्षकच भेटला, तर हरल्यावर त्याने जायचं कुठे?

‘आत्ताच एक खेळ पकडला नाही तर उशीर होईल’ ही भीतीही पालकांना फार सतावते. साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान अशा ठिकाणी नोकरी केली, आणि स्पर्धेतलं धावणं त्यानंतर सुरू झालं. स्टीपलचेसकडे तो वळला तेव्हा विशी उलटून गेली होती. प्रत्येक खेळाला हे लागू नाही. जिम्नॅस्टिक्स किंवा पोहणं लहानपणीच सुरू करावं लागतं. पण दहा वर्षांच्या मुलाला तीन खेळ खेळू द्यायला काहीच हरकत नाही.

एक दिवस चुकला म्हणून सगळं सोडणं

कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत पदकाच्या जागेवर होता. एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. ज्या खेळात प्रत्येक नेम दहाच्या आसपास लागावा लागतो तिथे ७.६ म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यानंतर वर्षभराच्या आत, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये त्याच प्रकारात ४५१.४ गुणांसह त्याने ऑलिंपिक कांस्य घेतलं. खेळ तोच होता. त्या एका गोळीवरून त्याने स्वतःची किंमत ठरवली नाही.

घरासाठी नियम साधा ठेवा: एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन चुकू द्यायचे नाहीत. त्यासाठी प्रत्येक कामाचं एक छोटं रूप आधीच ठरवून ठेवा. मैदानात चिखल असेल तर घरातच पंधरा मिनिटं दोरीच्या उड्या. लग्नाला जायचं असेल तर प्रवासात पाच गणितं. आजारपण मात्र यातून वगळा. तापात सराव करण्यात कसलीच बहादुरी नाही.

दुखण्याचंही तेच. वाढीच्या वयात गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखत असेल तर ‘सहन कर, खेळाडूला सहन करावंच लागतं’ असं म्हणू नका. खेळ कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच भाग आहे, तो कॅलेंडरवर तसाच लिहा. आणि शेजारच्या मुलाचे टक्के, भावकीतल्या कोणाचं पॅकेज, ग्रुपवर आलेली पदकांची छायाचित्रं यांच्याशी तुलना आजच बंद करा. त्यावर याहून जास्त बोलण्याची गरज नाही.

बंद पडलेलं ध्येय पुन्हा सुरू करताना

तीन महिने झाले आणि काही हलत नाही असं वाटलं, तर आधी कॅलेंडर काढून रोजच्या कामाच्या खुणा मोजा.

खुणाच कमी असतील तर ध्येय वाईट नाही, वेळ चुकलेली आहे. पहाटेचं काम संध्याकाळी न्या, एक तासाचं पाऊण तास करा, पण इच्छाशक्तीवर भाषण देऊ नका.

खुणा भरपूर आहेत आणि निकाल तिथेच आहे, तर पद्धत बदला. कधी कधी प्रकारच बदलावा लागतो. खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात सहावे आले होते. हेलसिंकीचं कांस्य त्यांनी त्याच्या वरच्या बँटमवेट गटात मिळवलं. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर मॅरेथॉन पळायची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने पहिला क्रमांकही मिळवला. नंतर ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावी आली. पळणं तेच राहिलं, शर्यत बदलली.

खुणा आहेत, निकालही सुधारतोय, पण मूल हसत नाही, जेवत नाही, मित्रांत जात नाही, तर थांबून बोला. इथे तंत्राचा प्रश्नच नाही. बोलताना ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका, नाहीतर मूल खरं सांगणार नाही.

दहावी-बारावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करायचा का, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. पूर्ण बंद करू नका. स्पर्धा कमी करा, सराव आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळींवर आणा आणि ते दिवस मुलालाच निवडू द्या. मुलाने पात्र स्तरावर खेळ केला असेल तर क्रीडा सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं परीक्षेच्या तोंडावर शोधत बसण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीतच एका फाइलमध्ये लावून क्रीडाशिक्षकांना दाखवून घ्या.