कॉर्डलेस फोनच्या बेस स्टेशनांचा सिंक कसा आखावा

बेस म्हणजे कॉर्डलेस हँडसेटशी रेडिओने जोडलेला, भिंतीवर लावायचा डबा. एका बेसवर काम भागत असेल तर हे सगळं तुमच्या कामाचं नाही. पण नागपुरात धंतोलीतलं तीन मजली रुग्णालय असेल, किंवा बुटीबोरीतलं लांबलचक गोदाम, तर चार-सहा बेस लागतातच. सिस्टर बोलत बोलत जिना चढते आणि वरच्या मजल्यावर पोहोचताच कॉल तुटतो. अशा वेळी लोक आणखी एक बेस ठोकून मोकळे होतात. फुल रेंज असूनही कॉल तुटत असेल तर आधी सिंक, म्हणजे सगळ्या बेसची घड्याळं एकमेकांशी जुळलेली आहेत का, ते बघा.

डेक्ट या पद्धतीच्या कॉर्डलेस फोनमध्ये वेळेचे तुकडे पाडलेले असतात. दर १० मिलिसेकंदांची एक फ्रेम, तिच्यात २४ स्लॉट. म्हणजे एक स्लॉट साधारण ४१७ मायक्रोसेकंदांचा. चालू कॉल एका बेसवरून दुसऱ्यावर न्यायचा तर दोन्ही बेसच्या फ्रेम एकाच वेळी सुरू व्हायला हव्यात. प्रत्येक बेसचं घड्याळ मात्र आपापल्या चालीने चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत पाच भागांचा फरक धरला, तरी दीड मिनिटाच्या आत अख्खा स्लॉट सरकतो. म्हणून एक बेस मास्टर असतो आणि बाकीचे त्याचं, किंवा त्याच्यामागे चालणाऱ्या शेजारच्या बेसचं, ऐकून आपलं घड्याळ सतत जुळवत राहतात.

पायरी १: नकाशा काढा. प्रत्येक मजल्याचा वेगळा कागद घ्या. लिफ्टचा खड्डा, एक्स-रे खोलीच्या शिसं लावलेल्या भिंती, लोखंडी रॅक, पाण्याच्या टाक्या, सगळं त्यावर दाखवा. नागपुरात आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते: कूलर. जानेवारीत मोजणी केली आणि एप्रिलमध्ये प्रत्येक खिडकीत पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर बसला, की आकडे बदलतात. गोदामाचंही तसंच. मोजायचं ते रॅक भरलेले असताना.

पायरी २: बेसने बेसला ऐकायला हवं. बहुतेक घोटाळे इथेच होतात. नकाशावर रेंजची वर्तुळं काढून ती एकमेकांना टेकली की आखणी झाली, असं समजतात. वर्तुळं टेकली तर हँडसेटला दोन्हीकडे रेंज मिळेल. पण एका बेसचा सिग्नल दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचेलच असं नाही. तात्पुरता बेस स्टँडवर उभा करा, हँडसेट मोजणीच्या मोडमध्ये टाका आणि पुढचा बेस जिथे लागणार त्याच जागी, त्याच उंचीवर धरून आकडा वाचा. हा आकडा म्हणजे सिग्नलची ताकद, डीबीएम या मापात. आकडे उणे असतात. उणे ६० हे उणे ७५ पेक्षा चांगलं. सिंकसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा उणे ७० ते उणे ७५ डीबीएमच्या आसपास असते. तुमच्या यंत्राची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. मी मर्यादेपेक्षा निदान ५ डीबी जास्त मिळाल्याशिवाय ती जागा पक्की करत नाही. मोजताना दारं बंद ठेवा, विशेषतः आगप्रतिबंधक लोखंडी दारं.

पायरी ३: मास्टर मधोमध. स्विचचं कपाट रिसेप्शनजवळ असतं म्हणून मास्टरही तिथेच लावायचा मोह होतो. तळघर, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक ठिकाणी एक बेस असं धरा. मास्टर म्हणजे पहिली पातळी, त्याचं ऐकणारे दुसरी, असं मोजायचं. मास्टर तळमजल्यावर ठेवला तर तिसरा मजला साखळीत चौथ्या पातळीवर जातो. तोच पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी ठेवला तर तळमजला आणि दुसरा मजला दुसऱ्या पातळीवर, तळघर आणि तिसरा मजला तिसऱ्या पातळीवर येतात. साखळी जितकी आखूड, तितकं बरं. मधला एक बेस बंद पडला तर त्याच्यापुढचे सगळे लटकतात.

पायरी ४: पर्यायी स्रोत. प्रत्येक बेसला, जमेल तिथे, ऐकण्यासाठी दुसरा शेजारीही नेमा. मात्र तो शेजारी स्वतः त्याच मधल्या बेसवर अवलंबून नको, नाहीतर दोघंही एकदमच जातील. ‘अ’ने ‘ब’चं आणि ‘ब’ने ‘अ’चं ऐकायचं, असं वर्तुळही होऊ देऊ नका.

पायरी ५: हवेतून जमत नसेल तर केबलने. काही यंत्रणांमध्ये लॅनवरून सिंक करता येतो. त्यासाठी आयट्रिपलई १५८८ ही वेळ जुळवण्याची पद्धत वापरतात. त्यात बेस एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात, आणि मधले स्विच कमीत कमी हवेत, कारण स्विचमधला कमीजास्त उशीरच वेळ बिघडवतो. मधे वाय-फायचा दुवा असेल तर हा नाद सोडा. रस्त्यापलीकडच्या चौकीदाराच्या खोलीसाठी तर मी सरळ वेगळा, बाकीच्यांशी सिंक नसलेला गट करतो. तिथे फोन लागतो, येतो. फक्त चालू कॉल रस्ता ओलांडताना तुटतो, आणि तो कोणाला फारसा लागतही नाही.

पायरी ६: वीज आणि ऊन. मास्टर आणि त्याला नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणारा पीओई स्विच यूपीएसवर हवेतच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छताखाली त्याहून जास्त. बेस किती तापमानाला चालतो ते डब्यावर वाचा आणि तो पत्र्यापासून बराच खाली, भिंतीवर लावा.

पायरी ७: मुद्दाम बिघडवून बघा. सगळं लागल्यावर कॉल चालू ठेवून तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चाला. लिफ्टमध्ये कॉल तुटला तर तो दोष धरू नका. मग एकेका बेसची केबल काढा आणि व्यवस्थापनाच्या पानावर बाकीचे कोणाचं ऐकू लागतात ते नोंदवा. शेवटी मास्टरची केबल काढा. सगळ्यांची वीज एकदम घालवून परतही आणा. बेस पातळीपातळीने जुळतात, त्याला किती वेळ लागतो ते रिसेप्शनवरच्या माणसाला सांगून ठेवा.