डिस्टोपियन सिनेमातला वर्गभेद: पाहताना या चुका टाळा

डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातलं बिघडलेलं जग दाखवणारा सिनेमा पाहताना 'वर श्रीमंत, खाली गरीब' एवढं टिपून थांबणं, ही सर्रास होणारी चूक. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'मध्ये (१९२७) कामगार जमिनीखाली राहतात, हे कुणालाही दिसतं. पाळी बदलतानाचं दृश्य मात्र नीट पाहा. दोन रांगा शेजारून जातात. माना दोन्हीकडे खालीच, पण सुटलेले लोक कामावर निघालेल्यांच्या निम्म्या गतीने पाय ओढत चालतात. दहा तासांच्या पाळीने अंगातलं काय काय काढून घेतलं, ते त्या चालीत आहे. असं दृश्य एकदा आवाज बंद करून, फक्त हातापायांकडे बघत पाहा.

शेवटाला भुलू नका. मालक आणि फोरमन हात मिळवतात, आपल्याला बरं वाटतं. पण पाळीचे तास घटले का? त्याबद्दल अवाक्षर नाही. खुद्द लांगलाही हा शेवट पुढे पटत नव्हता. (पटकथा थेआ फॉन हार्बोची. लांगपासून वेगळं झाल्यावर तिने बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी लग्न केलं.)

आपल्याकडच्या चर्चेत आणखी एक चूक हमखास होते: 'ही तर आपलीच जातव्यवस्था' म्हणून विषय मिटवायचा. बोंग जून-होच्या 'स्नोपिअर्सर'मध्ये (२०१३) गोठलेल्या जगात वाचलेली माणसं एका अखंड धावणाऱ्या आगगाडीत राहतात, श्रीमंत पुढे, गरीब शेवटच्या डब्यात. तिथल्या मंत्रीणबाई शेवटच्या डब्यातल्या लोकांना सुनावतात, की टोपी डोक्यावर, बूट पायात, आणि तुम्ही म्हणजे बूट. ऐकताना आपल्याला पुरुषसूक्त आठवणारच, आणि ते आठवणं खोटं नाही. पण त्या गाडीत प्रत्येकाची जागा तिकिटावरून ठरली होती, जन्मावरून नाही. तुलना करायचीच तर पुढे करा. गाडी १७ वर्षं धावते आहे. दरम्यान तिथेच जन्मलेल्या पोरांनी कुठलंच तिकीट काढलेलं नाही, तरी ती आईबापांच्याच डब्यात अडकली. इथे वर्ग जातीसारखा वागू लागतो, आणि मला हा सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा धागा वाटतो.

शेवटच्या डब्यातल्यांना खायला मिळणाऱ्या झुरळांच्या वड्यांची किळस लक्षात राहते, म्हणून त्यावरच लिहिलं जातं. त्यापेक्षा इंजिनाच्या खोलीत थांबा. (पुढे रहस्य उघड होतं.) यंत्राचा एक सुटा भाग झिजून गेलाय, नवा मिळत नाही. फरशी उचलली की खाली दिसतो शेवटच्या डब्यातून उचलून आणलेला लहानगा टिमी, त्या भागाचं काम हाताने करणारा. तिथे मोठं माणूस मावत नाही.